पेशीतील मेदवाहतूक आणि स्फुरदाची काटकसर



पिकाचे प्रत्येक पान असंख्य पेशींचे बनलेले असते. पेशीला आणि तिच्या आतील बहुतेक घटकांना अत्यंत पातळ आवरण असते. त्यास पटल म्हणतात. हे पटल मुख्यत्वे मेदद्रव्ये व प्रथिने यांचे असते. मेदद्रव्ये तयार होतात ती प्रामुख्याने हरितलवकात व आंतर्द्रव्यजालिकेत. लागतात मात्र पेशीभर. मेद पाण्यात विरघळत नाही आणि पेशीचा अंतर्भाग तर जलमय. मग हा माल एका पटलावरून दुसऱ्या पटलावर जातो कसा?

१९७५ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञ झाँ-क्लोद कादेर यांनी या प्रश्नाचा एक धागा हाती दिला. बटाट्यातून काढलेली प्रथिने परीक्षानळीत पटलांमधील मेदाची देवघेव वाढवितात, असे त्यांना आढळले. पुढे मका, पालक इत्यादी वनस्पतींतून अशी लहान प्रथिने शुद्ध स्वरूपात मिळाली. त्यांच्या रेणूत पोकळी असते आणि शेंगेत दाणा राहावा तसा मेदाचा रेणू तीत सामावतो.

परंतु परीक्षानळीत घडते तेच पेशीत घडते असे नव्हे. १९९१ मध्ये गाजरावरील अभ्यासात असे प्रथिन पेशीबाहेर पाठविले जाते, असे दिसून आले. त्यामुळे पानावरील मेणचट आवरण घडविण्यात या प्रथिनांचा हातभार असावा, हा विचार पुढे आला. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही, तो अशाच मेणचट थरामुळे. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. पेशीच्या आतील वाहतुकीचा भार मात्र अन्य प्रथिनांवर आहे. मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या रोपात, मेद हरितलवकात आणणारी प्रथिने २००३ पासून एकामागून एक उजेडात आली.

या व्यवस्थेचे मोल टंचाईत कळते. पटलातील पुष्कळशा मेदात स्फुरद असतो. जमिनीतून स्फुरद मिळेनासा झाला की रोप हा मेद मोडून स्फुरद निकडीच्या कामी लावते आणि रिकाम्या जागी शर्करायुक्त मेद बसविते. हा मेद हरितलवकाच्या आवरणात तयार होतो व तेथून तंतुकणिकांपर्यंत पोहोचतो, हे २००४ मध्ये दाखविण्यात आले. २०१६ मध्ये या वाहतुकीत भाग घेणारा प्रथिनांचा एक मोठा समूहही सापडला. ओटच्या रोपातही असाच बदल आढळला आहे.

गोवा व कोकणातील जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. तो जमिनीत असूनही पिकाला पुरेसा लाभत नाही. अशा वेळी रोप काटकसर करून तगते. परंतु तगणे म्हणजे पिकणे नव्हे. उपाशीपोटी संसार रेटणाऱ्या घरात धान्याची रास पडत नाही. यास्तव शेतकरी बंधुभगिनींनी माती तपासून घ्यावी, शेणखत घालावे, जमीन आम्लधर्मी असल्यास सल्ल्यानुसार चुना द्यावा आणि स्फुरदयुक्त खत मोजूनमापून वापरावे. रोप आपल्या परीने काटकसर करीतच असते. उरलेले कर्तव्य शेतकऱ्याचे आहे.