वीस रुपयांत एक तास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'शाळेने मला काय दिले' हा विषय मला दिला होता. त्यावर माझ्याआधी तिघे बोलले आणि छान बोलले. मी जरा शाळेबाहेरचं सांगतो. सरांनी रागावू नये. छडी मारायचं वय आता तुमचं राहिलं नाही, खायचं माझंही नाही.

आपण नववीत होतो तेव्हा, २००१ साली, एमएस-सीआयटी हे नाव मूर्तिजापुरात नुकतंच कानावर यायला लागलं होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला. चार मशीन, चपला बाहेर काढायच्या, आणि दुपारी शिकवणी नसली की वीस रुपयांत एक तास. कोपऱ्यातल्या मशीनवर एक खेळ होता, मोटोक्रॉस मॅडनेस. तो रेनबो स्टुडिओजने बनवला आणि मायक्रोसॉफ्टने १९९८ साली बाजारात आणला, हे मला पुढे कळलं. आमच्यासाठी ती 'धुऱ्यावरची गाडी' होती. बाकीच्या खेळांतल्या गाड्या डांबरी रस्त्यावर पळायच्या. ही मात्र खड्डे, टेकाडं, वाळवंट, खदान, वाट्टेल तिथून. रस्ता सोडला तरी कोणी काही म्हणत नसे. पडलं की स्वार बाहुल्यासारखा कोलांट्या खात जायचा आणि क्षणात पुन्हा गाडीवर. आमच्या मशीनवर ते चित्र अडखळत चालायचं, म्हणून एकेक पडणं पोटभर बघायला मिळायचं.

आणि तो डोंगर! मैदानाच्या चारही कडांना उभा कडा होता. रेस सोडून त्यावर गाडी घालायची, घसरत-घसरत माथ्यावर पोचायचं, आणि पलीकडे जाऊ म्हणताच तोफेतून उडवल्यासारखा आवाज होऊन गाडीसकट माणूस आभाळातून मागे मैदानात येऊन पडायचा. खेळाची हद्द तिथे संपते, हे सांगायची ती बनवणाऱ्यांची पद्धत. आम्हाला ते काय ठाऊक! पलीकडे काहीतरी असणारच, अशी आमची खात्री होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या बाकावरचा मित्र. तो खेड्यावरून सायकलने यायचा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक रुतलं की सायकल खांद्यावर घेऊन यायचा, हे वर्गाला आठवत असेल. त्याचे मामा शंकरपटातले धुरकरी. त्यामुळे जोडी कुठे ढिली सोडायची, कुठे आवरायची, हे त्याच्या अंगातच होतं. "उतारावर घाबरून गॅस सोडला का पडलाच समज," असं मला सांगायचा. माझ्यापेक्षा तो फार चांगला खेळायचा. दहा रुपये त्याचे, दहा माझे. पण क्लासवाले माझ्या घराच्या ओळखीचे, म्हणून खुर्चीवर मी. "पडलो की तुझी पाळी," असा नियम मीच केला होता आणि "हे पडणं धरायचं नाही" हेही मीच ठरवायचो. तासातली पंधरा मिनिटं त्याच्या वाट्याला आली तर आली. त्यात एकदा लाईन गेली, ती नेमकी त्याच्या पाळीत. तरी तो हसत खाली उतरला.

इथवर गंमत आहे. आता जे सांगतो ते बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही.

नववीच्या सहामाहीत मला गणितात अठरा मार्क पडले. बाबांनी विचारलं, दुपारी कुठं असतोस? मी म्हणालो, तो मला ओढून नेतो. अगदी सहज निघालं तोंडातून. बाबा रविवारी स्कूटर घेऊन त्याच्या गावी गेले आणि त्याच्या वडिलांशी बोलले. काय बोलले, मला माहीत नाही. त्याच्या वडिलांनी त्याला कॉम्प्युटर शिकायला घालायचं ठरवलं होतं, कापूस विकून आलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते. ते राहिलं. सोमवारी तो वर्गात आला, माझ्याच बाकावर बसला. मला एका शब्दाने विचारलं नाही. दहावीपर्यंत डबासुद्धा एकत्र खाल्ला. त्या माडीवर मात्र तो पुन्हा चढला नाही.

पुढे मी पुण्याला गेलो आणि कॉम्प्युटरवरच पोट भरतो. तो शेती करतो. चांगली करतो, म्हणून मी हळहळ दाखवायला उभा नाही. पण नेणारा मी होतो, तो नव्हता. हे फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं. पण नाव त्याचं चारचौघांत खराब झालं होतं.

गेल्या महिन्यात मेळाव्याचं निमंत्रण द्यायला मी त्याला फोन केला. तो वेचणीच्या गडबडीत होता. शाळेची चौकशी झाली, शकुंतला थांबल्याची हळहळ झाली. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "काय रे, ते डोंगरावर चढलं का फेकून देते, तो खेळ अजून हाय का?"

हाय, दोस्ता. दोन रात्री घालवून तो माझ्या लॅपटॉपवर चालू केलाय. तू मागच्या रांगेत बसलाहेस, मला दिसतोयस. जेवण झालं की आपल्या जुन्या वर्गात ये. पहिली पाळी तुझी, आणि पडणं मी मोजणार नाही.