अठ्ठेचाळीस आकडे

(आकाशवाणीवरील भाषण)



गणपतीचे दिवस होते. सकाळी आठला मी हर्णेच्या बाजारपेठेतलं माझं दुकान उघडलं. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण झेरॉक्स आता नावापुरती. नौकेची ऑनलाइन नोंदणी, मासेमारी परवान्याचं नूतनीकरण, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं एका संगणकावर चालतं. त्या दिवशी बटण दाबलं तर नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा आला आणि त्यावर एकच मागणी: किल्ली द्या. किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. सहासहाचे आठ गट. ते मी जन्मात पाहिले नव्हते.

दोष माझाच होता. आदल्या रात्री नको तिथं शहाणपणा करून मी यंत्राच्या अगदी तळच्या सेटिंगमध्ये बोटं घातली होती. संगणकाला वाटलं, कुणीतरी परका मला उघडू पाहतोय, आणि त्यानं स्वतःला आतून कडी लावून घेतली. दारात तीन माणसं उभी, त्यातल्या एका मुलाच्या अर्जाची शेवटची तारीख. हा संगणक ज्यानं लावून दिला होता त्या ओळखीतल्या पोराला फोन केला. तो गावी, देवासमोर. मागे झांजा वाजतायत. म्हणाला, "थांबा काका, मोबाइलवर बघतो." आणि भर आरतीत त्यानं मला एकेक आकडा वाचून दाखवला. दोनदा चुकलो. आठव्या गटापर्यंत येईतो तिकडे मंत्रपुष्पांजली सुरू झाली होती.

संगणक उघडला. मी सुस्कारा सोडला आणि फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, तुमच्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं पण इथं दिसतायत मला. डेस्कटॉपवरचं सगळंच आलंय की."

मंडळी, आज मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

झालं होतं असं. जुना संगणक थकला होता. जुन्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीपासून जाहीर होतं. मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. ते चालतच राहतं, फक्त त्याला पडलेली भोकं बुजवायला कंपनी येत नाही. होडीला नवं डांबर लावायचं बंद केलं तरी ती बुडत नाही, त्या दिवशी तरी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, तेव्हा अशाच न बुजवलेल्या भोकातून तो घुसला होता. बुजवायचं सामान दोन महिने आधीच मिळत होतं, ते अनेकांनी लावलंच नव्हतं. तेव्हा आवृत्ती बदलू नका असं मी सांगणार नाही.

पण माझा जुना संगणक नव्या विंडोज ११ ला चालेना. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीचा कितीही धडधाकट असला तरी कंपनीच्या यादीत नाही. आमच्याकडे वीस वर्षांचं इंजिन दरवर्षी खोलून, घासून, पुन्हा बसवतात. त्या माणसांना हे कसं समजावणार? मी नवा घेतला. पोरानं तो टेबलावर मांडला, वायरी जोडल्या. पहिल्याच पडद्यावर त्यानं विचारलं, "काका, खातं कुठलं टाकू?" माझ्या ईमेलचा पासवर्ड मला आठवेना. दुकानात गर्दी. मी म्हटलं, "टाक तुझंच, नंतर बदलू."

ते 'नंतर' कधी आलंच नाही.

विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती पहिल्यांदा लावताना इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. पूर्वी संगणकाला फक्त एक नाव दिलं की भागायचं, तो तुमच्या टेबलावरचा डबा असायचा. आता तो खात्याला बांधलेला असतो. नव्या संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. चोरानं लॅपटॉप पळवला तर त्याला आतलं काही वाचता येत नाही, म्हणजे सोय खरंच चांगली आहे. शिवाय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांची नक्कल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, ठेवली जात असेल तर तीही त्याच खात्यात जाते. फुकटात पाच जीबीपर्यंत.

हे सगळं बेतणाऱ्यानं डोळ्यांसमोर एक माणूस धरलाय. त्याचा स्वतःचा संगणक, त्याचं स्वतःचं खातं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. आपल्याकडे असा माणूस कुठे आहे? घरात एक लॅपटॉप, तो मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलानं पाठवलेला, त्यावर खातं त्याचं. वापरतात आईवडील आणि धाकटी बहीण. सहकारी संस्थेत संगणक एक, त्यावर खातं दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कारकुनाचं. माझ्या दुकानात तर अख्ख्या गावाचे कागद, आणि खातं एका पोराचं. पोरगा चांगला म्हणून निभावलं. तुमचे कागद परदेशातली कंपनी वाचते का, ही काळजी करणारे करोत. ती करायलाच हवी, त्यावर येतोच. पण त्याआधी घरच्याच माणसाच्या, शेजाऱ्याच्या, दुरुस्तीवाल्याच्या मोबाइलमध्ये आपलं काय काय जाऊन बसलंय, हे कुणी पाहतं का?

आता कंपनीचं. २०१५ च्या जुलैमध्ये विंडोज १० आली आणि पहिलं वर्षभर जुन्या ग्राहकांना ती फुकट होती. रोज कोपऱ्यात एक चौकट उगवायची: नवी आवृत्ती घ्या. लोक वर उजवीकडची लाल फुली दाबून ती घालवायचे. संगणक शिकलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं असतं की फुली म्हणजे नको. मीही एमएस-सीआयटीत तेच शिकलो. २०१६ मध्ये त्या चौकटीत बदल झाला. आवृत्ती बदलायची वेळ आधीच ठरलेली असायची, आणि फुली दाबली तर ती वेळ कबूल आहे असं धरलं जायचं. लोक झोपले आणि सकाळी उठले तर संगणक दुसराच. कॅलिफोर्नियात प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचा संगणक अशा न मागितलेल्या बदलानंतर धड चालेना. त्या कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर भरपाई मिळवली. कंपनीनं अपील मागे घेतलं. 'नको'चा अर्थ 'हो' करायचा हा प्रकार मला आजही पचत नाही. आमच्या बंदरावर लिलावात मान हलवली तरी बोली धरतात हे खरं, पण पाठ फिरवून निघून गेलेल्या माणसाच्या गळ्यात पापलेटाची टोपली कुणी घालत नाही.

त्याच वर्षी, २०१६ च्या जुलैत, फ्रान्समधल्या माहिती संरक्षणाच्या सरकारी यंत्रणेनं मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली. विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते, कुठली ॲप्स घेतली आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला इथपर्यंत, असा आक्षेप होता. जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक न विचारता चालू असतो, हा दुसरा. कंपनीनं बदल केले, किमान पातळीवर गोळा होणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आणली, आणि २०१७ मध्ये ते प्रकरण मिटलं. म्हणजे निम्मी माहिती गोळा न करताही विंडोज चालत होती, हे त्यातून आपोआप कळलं.

मे २०२४ मध्ये रिकॉल नावाची सोय जाहीर झाली. काही खास नव्या संगणकांवर दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे 'परवा काय पाहत होतो' हे शोधता येईल. ओरड झाली. ती सोय पुढे ढकलली, सुधारली, आणि २०२५ मध्ये आली तेव्हा ज्याला हवी त्यानंच चालू करायची अशी आली. घरच्या वापराला असेल उपयोगी. माझ्या दुकानात चालू ठेवली तर पडद्यावर उघडलेलं पासबुकही त्या फोटोंच्या ढिगात जाऊन बसू शकेल.

हर्णेच्या किनाऱ्यावर तुम्ही संध्याकाळी आलात, तर समोर सुवर्णदुर्ग, बैलगाड्यांतून येणारी मासळी, आणि लिलावाचा गलका. कुठल्या नौकेला काय भाव मिळाला हे सगळ्या किनाऱ्याला कळतं, त्यात लपवाछपवी नाही. पण मासळी कुठल्या पाण्यात लागली, हे विचारून बघा नौकेच्या तांडेलाला. तो हसतो आणि समुद्राकडे हात करतो. समुद्र मोठा आहे. आता त्या जागेचे आकडे जीपीएसमध्ये असतात, तिथून कधी पोराच्या लॅपटॉपवर येतात. खासगी म्हणजे काय, हे आमच्या तांडेलांना शिकवायला लागत नाही. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचून 'पुढे' दाबणाऱ्या आम्हा शिकलेल्यांनाच ते शिकवावं लागतं.

इंग्रजी म्हणालो. आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, असं तो म्हणतो. म्हणजे मराठीतही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले. मुख्य जबाबदाऱ्या मात्र टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. तोवर इंग्रजीच वाचायचं.

मराठीवरून आठवलं. आवृत्ती बदलताना आपलं एक वेगळंच नुकसान होतं. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते वेगवेगळ्या फॉन्टांत, आणि प्रत्येक फॉन्टची अक्षरं आतून भलत्याच जागी बसवलेली. एका देवस्थानाची पंधरा वर्षांची इतिवृत्तं अशाच फॉन्टात होती. संगणकाला फॉरमॅट मारला, फाइली नीट जपल्या, फॉन्ट मात्र राहिला. उघडल्यावर काय दिसलं, तर टोपी घातलेले 'ए' आणि शेपटीवाले 'सी'. विश्वस्त घाबरले, म्हणाले, व्हायरस. फाइली शाबूत होत्या, फक्त त्यांची लिपी कुणाला येत नव्हती. जुना फॉन्ट एका सीडीत सापडला म्हणून वाचलं. काही जुनी मराठी सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडतच नसत, आणि ते डोंगल प्रिंटरच्या रुंद खाचेत बसायचं. ती खाच आता नव्या संगणकाला नसते. विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटची येते, सोळा बिटचे अगदी जुने प्रोग्रॅम तीवर चालत नाहीत. तेव्हा बदलाआधी फाइलींबरोबर फॉन्टही उतरवून घ्या, आणि जमलं तर महत्त्वाचं ते युनिकोडमध्ये करून ठेवा.

आणि वेळ साधा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नौका वर ओढून शाकारतात, जाळी विणतात, इंजिन खोलतात. भर हंगामात, सुरमई लागलेली असताना, कुणी नौकेचा तळ काढत नाही. मी मात्र दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात एकदा संगणक बदलायला काढला होता. ठसे घेणारं यंत्र त्याला ओळखेना, प्रिंटर ओळखेना, आणि बाहेर रांग.

ज्यांना नवा संगणक परवडत नाही त्यांच्यासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा संरक्षण मिळतं. तीस डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्जची नक्कल त्यांच्याकडे ठेवा आणि फुकट घ्या. दोन्हीकडे खातं लागतंच. सी-डॅकनं केलेली बॉस ही लिनक्सवरची प्रणाली जुन्या संगणकावरही टाकता येते आणि तिच्यात मराठी आहे. फक्त तुमचं ठशांचं यंत्र तिच्यावर चालेलच असं नाही, आधी पाहून घ्या.

त्या गणपतीनंतर मी काय केलं? नवं खातं काढलं, माझ्या नावाचं. पोराला बोलावून त्याचं खातं माझ्यासमोर संगणकावरून काढून टाकायला लावलं. वनड्राइव्हची नक्कल बंद केली. अठ्ठेचाळीस आकडे कागदावर लिहून तो कागद दागिन्यांच्या डब्यात ठेवला, बायकोला सांगून. माहिती पाठवण्याच्या सेटिंगमध्ये ऐच्छिक होतं ते बंद केलं. आवश्यक म्हणतात ते घरगुती आवृत्तीत बंद होत नाही.

आणि गिऱ्हाइकांनाही झालेलं सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. त्यात मासे विकणाऱ्या एक आजी होत्या. काही दिवसांनी त्या नातवाच्या अर्जासाठी आल्या, आधार कार्ड दिलं. मी स्कॅन केलं, अर्ज भरला, पैसे घेतले. आजी हलेनात. म्हणाल्या, "आता पूस." मी फाइल पुसली. "ती टोपली रिकामी कर." पडद्यावरची कचरापेटी त्यांनी बरोबर ओळखली होती. तीही रिकामी केली, आणि खरं बोलायचं म्हणून सांगितलं की आजी, पूर्वी जे वर गेलं होतं ना, ते तिथून पुसलं तरी तिथल्या टोपलीत तीस दिवस राहतं. त्या पोराच्या खात्यात.

आजींनी बाकावर डोईवरची टोपली उतरवून ठेवली. "मग लाव त्याला फोन. तो पुसेपर्यंत मी बसते हितंच."