भाकरी सोडायची, तर खायचे काय?

(महिला गटांच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आज मी माझ्या स्वतःच्या ताटाबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ टक्के निघाली. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिष्टमय पदार्थ कमी करा. भात बंद, भाकरी अर्धी. डाळी, उसळी, अंडी, ताक, पालेभाज्या वाढवा.

ऐकायला सोपे होते. पहिला आठवडा डोके दुखायचे, चिडचिड व्हायची. सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि आपण खायच्या नाहीत, हे तर रोजचेच. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला कसली गं पथ्यं?" चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी नको म्हटले, तर घरात दोन दिवस अबोला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पण उपवासाचा ना!

मग मी रोजचे जेवण वहीत लिहू लागले आणि माझेच डोळे उघडले. लग्नाला वीस वर्षे झाली, मी सगळ्यांच्या शेवटी जेवत होते. शेवटी जेवणारीला काय उरते? भात, भाकरी आणि आमटीचे पाणी. उसळ संपलेली, अंडी मुलांच्या पानात गेलेली. मी भात-भाकरी जास्त खात होते ती आवड म्हणून नव्हे, उरत होती म्हणून!

आता मी सगळ्यांबरोबर बसते, उसळ आधी वाढून घेते. त्यावरून भांडणेही झाली. सहा महिन्यांत वजन पाच किलो उतरले, साखर ५.८ वर आली.

इथवर माझी गोष्ट. पण माझ्यामुळे एक चूकही झाली. आमच्या गटातली एकजण धुणीभांडी करते. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. माझे पाहून तिनेही भाकरी सोडली. त्या जागी डाळ नाही, अंडे नाही, नुसता चहा. गोळी मात्र नेमाने घेतली. चौथ्या दिवशी कामावर चक्कर येऊन पडली. साखर एकदम उतरली होती. कुणीतरी साखरपाणी पाजले म्हणून निभावले.

मी तिला अर्धेच सांगितले होते. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी एकदम कमी केली, तर साखर धोकादायक उतरू शकते. डॉक्टरांना विचारून आधी औषधाचे प्रमाण ठरवावे लागते. आणि भाकरी काढली तर त्या जागी काय येणार, याचे उत्तर हवे.

ते उत्तर तिच्या एकटीच्या हातात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क आपण सोडणार नाही. पण त्या कायद्यात डाळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तर २४ टक्के स्त्रियांचे वजन जादा. पोट भरते, पण अंगाला लागत नाही, असे हे ताट आहे.

म्हणून रेशनवर डाळ मागू या. आणि घरातही मागू या. पुढच्या बैठकीला येताना एवढेच लिहून आणा: काल घरात कोण कधी जेवले आणि तुमच्या ताटात काय होते?