दुरुस्ती तयार आहे, पाठवायची कधी?

फौजेतून निवृत्त झालेला माणूस सॉफ्टवेअरवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. सिग्नल्समध्ये सव्वीस वर्षं काढली, नंतर इंदूरला एका छोट्या कंपनीत रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरची सपोर्ट टीम सांभाळली. तिथं एका प्रश्नानं माझी झोप घालवली. चूक सापडलीय, दुरुस्तीही तयार आहे. ती आजच पाठवायची, की महिन्याच्या ठरलेल्या तारखेला?

एक जुनी गोष्ट सांगतो. आखाती युद्ध, २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन बराकीवर पडलं. २८ सैनिक गेले. तिथली पॅट्रियट बॅटरी चालू होती, पण तिनं स्कडवर काही डागलंच नाही. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षकांचा १९९२चा अहवाल मी निवृत्तीनंतर वाचला. यंत्र वेळ मोजायचं सेकंदाच्या दहाव्या भागात. ०.१ हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत पुरता बसत नाही, शेपूट कापावं लागतं. चूक इवलीशी, पण साठत जाते. ती बॅटरी शंभर तासांहून जास्त बंदच केली नव्हती. घड्याळ साधारण एकतृतीयांश सेकंद चुकलं. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातो. रडार भलत्याच जागी शोधत राहिलं.

आता तारखा बघा. इस्रायलनं ११ तारखेलाच कळवलं होतं की आठ तासांत फरक दिसायला लागतो. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर निघालं. धाहरानला पोचलं २६ तारखेला. एक दिवस उशिरा!

मला जास्त बोचतं ते मधलं. २१ तारखेला सगळ्या बॅटऱ्यांना संदेश गेला होता, ‘फार वेळ सलग चालवू नका.’ फार म्हणजे किती? ते लिहिलंच नव्हतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. काम दीड मिनिटाचं.

पण पाठवणाऱ्यांना सरसकट दोषही देववत नाही. नवं सॉफ्टवेअर चढवायला बॅटरी तास-दोन तास बंद ठेवावी लागायची. युद्धात हे रोज कोण करू देईल? आणि घाईचं फळ आपण १९ जुलै २०२४ला पाहिलंच. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहिले गेले, आपल्याकडेसुद्धा.

आमच्याकडे मी फौजी शिस्त आणली होती. महिन्यातून एकदा, दुसऱ्या बुधवारी. मायक्रोसॉफ्ट २००३पासून दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं, म्हणून आपला बुधवार. गिऱ्हाईक खूश, टीमही खूश. मग एक चूक सापडली. पेशंटचा वॉर्ड बदलला की औषधाच्या चिठ्ठीवर ॲलर्जीची नोंद छापली जात नव्हती. दुरुस्ती दोन दिवसांत तयार झाली. बुधवार नऊ दिवसांवर होता. मी म्हणालो, थांबू या. रुग्णालयांना साधं कळवलंही नाही.

सहाव्या दिवशी एका सिस्टरांचा फोन आला. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या पेशंटची चिठ्ठी कोरी आली होती. त्यांना पेशंट आठवत होता, म्हणून निभावलं. त्या रागावल्या नाहीत. ‘सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

बुधवार आम्ही मोडला नाही. रंग, रकाने, अहवाल अजून बुधवारीच जातात. पण पेशंटला इजा होऊ शकेल अशी चूक दिसली, की तासाभरात सगळ्यांना फोन जातो: दुरुस्ती येईपर्यंत अमुक गोष्ट हातानं लिहा, अमुक वेळापर्यंत. मग दुरुस्ती आधी एकाच रुग्णालयात, रात्रभर लक्ष ठेवून, सकाळी बाकीच्यांकडे. आणि चूक धोक्याची आहे की नाही, हे प्रोग्रामर ठरवत नाहीत, मीही ठरवत नव्हतो. त्या सिस्टरांनाच विचारतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी दोनदा आमचा बुधवार मोडायला लावला, आणि एकदा, आम्ही घाईवर आलो असताना, ‘राहू द्या हो, पुढच्या बुधवारी पाठवा’ म्हणाल्या.