कौल कीं पत्रा?

पनवेल तालुक्यांतील नावडे हें गांव आतां नवी मुंबईच्या उंबऱ्याशीं आलें आहे. एका अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास उंच इमारती, आणि जवळच दिवा-पनवेल लोहमार्गावरील नावडे रोड स्थानक. अशा गांवांतून जेथें जेथें उतरत्या छपराचें जुनें घर उरलें आहे, तेथें वैशाख लागतांच एक प्रश्न उपस्थित होतो: कौलें पुन्हां शाकारावीं, कीं तीं उतरवून पत्रा घालावा? प्रश्न दिसतो खर्चाचा. वस्तुतः तो घराच्या स्थैर्याचा आहे.

दोन्ही पक्षांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. कोकणांत पूर्वीं कुंभाराच्या हातचें नळीचें कौल असे. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत खांचींनीं अडकणारें तांबडें मंगळुरी कौल हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलें. पन्हळी पत्रा त्याच्याहून वडील. त्याचें पेटंट लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यानें १८२९ सालीं घेतलें. अमेरिकेंत घरांवर डांबरी शिंगल असतात. परंतु त्यांना खालीं सलग फळ्यांचें अस्तर लागतें, म्हणून कोकणांतील रिपांच्या छपरावर त्यांचा निभाव लागत नाहीं. सामना आहे तो कौल आणि पत्रा यांचाच.

कौलाचे गुण उघड आहेत. भाजलेली माती सावकाश तापते, सांध्यांतून हवा खेळते, आणि एक कौल फुटलें तर तेवढेंच बदलतां येतें. परंतु त्यास दरवर्षीं माणसाचा हात लागतो. माकडांनीं सरकविलेलें कौल, वाळवी लागलेली रीप, पाचोळ्यानें तुंबलेली पन्हळ, हें सारें पावसाआधीं पाहावें लागतें. आणि शाकारणी जाणणारा कारागीर आतां सहज सांपडत नाहीं. पत्र्यास ही दगदग नाहीं. तो थोड्या उतारावरहि पाणी वाहून नेतो. मात्र दुपारीं तो खालच्या माणसांस भाजून काढतो, आणि आषाढांत घरांतल्या घरांत बोललेलें ऐकूं येत नाहीं. खालीं छत घातल्यास दोन्ही त्रास पुष्कळ कमी होतात.

येथवर निवड आवडीची आहे. पुढें मात्र हिशेब येतो. एका चौरस मीटरला सुमारें १५ मंगळुरी कौलें लागतात, व प्रत्येकाचें वजन दोन-अडीच किलो भरतें. म्हणजे ६० चौरस मीटरच्या छपरावर सुमारें दोन हजार किलोंचा भार असतो. त्याच जागीं अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा घातला, तर भार तीनशे किलोंच्या आंतबाहेर येतो. वाशांना हायसें वाटतें, व घरधन्यासहि. परंतु तो भार निव्वळ ओझें नव्हता. छपरास भिंतीवर दाबून ठेवणारा तो पहारेकरीहि होता.

ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारें ४५ किलो होतो, आणि छपराच्या कडांना तो खालीं दाबीत नाहीं, वर ओढतो. कौलांच्या फटींतून हवा जाऊन ही ओढ कांहींशी सैल पडते. सलग पत्र्याखालीं ती सबंध छपरावर पडते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां कौलें फुटलीं आणि पत्रेहि उडाले. फुटलेलें कौल बहुधा जवळच पडतें. उडालेला पत्रा मात्र दूर जाऊन दुसऱ्याच्या जिवावर बेततो.

म्हणून जुन्या सांगाड्यावरून कौलें काढून त्याच रिपांवर पत्रा ठोकणें ही काटकसर नव्हे. पत्रा घालावयाचा तर वासा भिंतीच्या माथ्याशीं लोखंडी पट्टीनें जखडावा. पत्रा खिळ्यांनीं न ठोकतां रबरी चकतीसह बोल्टांनीं किंवा स्क्रूंनीं आवळावा. कडांना व आढ्यापाशीं हे बांध अधिक जवळ घ्यावे. खाडीची खारी हवा आणि कारखान्यांचा आम्लयुक्त धूर जस्ताचा थर लवकर खातात. तेव्हां साध्या जस्ती पत्र्यापेक्षां ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या मिश्र थराचा रंगीत पत्रा अशा ठिकाणीं अधिक टिकतो. 

ज्या घराचा लाकडी सांगाडा निकोप आहे आणि वर्षाकांठीं शाकारणीची सोय आहे, त्यानें कौल सोडण्याचें कारण नाहीं. जेथें वासे थकले आहेत, व वर चढणारें कोणी उरलें नाहीं, तेथें पत्रा योग्य. पण नव्या सांगाड्यासह आणि नव्या बांधांसह. दुकानांत भाव विचारण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या सुताराला आढ्याखालीं उभा करून वासे ठोकून पाहावयास सांगावें. निम्मा निर्णय तेथेंच होतो.