खर्च झाला, म्हणजे नेमके काय झाले?

समाजकल्याणाच्या पैशाचा विषय निघाला की आपली चर्चा लगेच घोटाळ्यांकडे वळते. चोराला पकडायला पोलीस आहेत, न्यायालये आहेत. मला जास्त काळजी वाटते ती नियमात बसवून, सही-शिक्क्यानिशी दुसरीकडे जाणाऱ्या पैशाची. त्याची फिर्याद कोणत्याच ठाण्यात नोंदवता येत नाही.

अर्थसंकल्प मांडला गेला की वर्तमानपत्रांत छापून येते ती तरतूद. सुधारित अंदाज वर्षभराने येतो, आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा आणखी वर्षाने. २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत सापडतो. तोवर मंत्री बदललेले असतात, बातमी शिळी झालेली असते. (प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचण्याइतका कंटाळा सोसणारी माणसे आपल्या चळवळीत फार थोडी आहेत.) शिवाय प्रत्यक्ष खर्च म्हणजे तरी काय? कोषागारातून रक्कम निघाली, एवढेच. एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात ती पडून असली तरी कोषागाराच्या लेखी ती खर्चीच पडलेली असते. उपयोगिता प्रमाणपत्रे रखडतात आणि मार्चमध्ये खर्चाची झुंबड उडते, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा नोंदलेले आहे.

नियमात बसवून दुसरीकडे जाणाऱ्या पैशाचे एक उदाहरण घ्या. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. सर्वसाधारण योजनांचा लाभ या समाजापर्यंत झिरपत नाही, या अनुभवातून ती आली. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ११.८ टक्के, निधी बाजूला काढायचा आणि ७८९ या स्वतंत्र गौण शीर्षाखाली दाखवायचा, असे ठरले. मे २०२५ मध्ये याच निधीतले ४१० कोटी ३० लाख रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी वर्ग झाल्याचे उघड झाले आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्या दराने ही रक्कम ६८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना वर्षभर पुरली असती.

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे : लाभार्थी बहिणींत अनुसूचित जातींच्या महिलाही आहेत, त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या निधीतून टाकला तर बिघडले काय? महिलांच्या हातात पैसा जातो, ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. पण राज्यातील पात्र महिला म्हणून जे सर्वांना मिळते, ते यांनाही राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतूनच मिळायला हवे. इतरांचा हप्ता सामायिक तिजोरीतून आणि यांचा यांच्यासाठीच राखलेल्या पैशातून, असे झाले तर राखीव निधी हा जादा निधी उरतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अखर्चित निधी नाहीतरी व्यपगत होतो. मग तो वळवलेला काय वाईट? मात्र तो अखर्चित का राहिला, हे आधी विचारावे लागेल. वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज तुंबलेले आहेत. म्हणजे गरज संपलेली नाही. निधी शासनाच्या निधीवाटपाच्या ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर टप्प्याटप्प्याने सुटतो. मोठा टप्पा मार्चच्या तोंडावर सुटला, तर निविदा, मंजुरी, देयके हे सारे पंधरवड्यात उरकणे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना शक्य नसते. उशीर वरून होतो, ‘खर्च करण्याची क्षमता नाही’ हा शेरा खाली बसतो, आणि तोच शेरा निधी वळवायला कारण म्हणून पुढे केला जातो.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाप्रमाणे आपल्याकडेही हा निधी राखणारा कायदा हवा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण कर्नाटकाच्या २०१३ च्या कायद्यात ‘मानीव खर्चा’ची, म्हणजे सर्वसाधारण कामांवरील खर्चाचा काही भाग याच समाजासाठी झाला असे मानण्याची, पळवाट ठेवलेली होती, ती बुजवायला २०२३ उजाडले, आणि त्यानंतरही सरकारच्या गॅरंटी योजनांसाठी या निधीला हात लावल्याचा वाद तिथे सुरूच राहिला. म्हणून आपल्या चळवळीच्या उद्याच्या खुल्या अधिवेशनातील ठरावात कायद्याच्या मागणीबरोबर आणखी एक कलम घालावे, अशी माझी सूचना आहे : कोणत्या वसतिगृहाला, कोणत्या महाविद्यालयाला किती रक्कम कोणत्या तारखेला पोहोचली, हे विभागाने दर तिमाहीला जिल्हावार जाहीर करावे.