कथालेखकाचा दिवस
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



समारंभापूर्वी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "आमचा मुलगा गोष्टी लिहितो. त्यावर पोट भरेल का?" उत्तर सर्वांसमोर देतो : त्या भरवशावर राहू नका. प्रेमचंदांचेच पाहा. उर्दूतून लेखनाला प्रारंभ करणारा हा थोर कथाकार शाळामास्तर होता, पुढे शाळातपासनीस झाला. १९०८ साली निघालेला त्यांचा 'सोज़-ए-वतन' हा कथासंग्रह इंग्रज सरकारने राजद्रोही ठरविला, तेव्हा धनपतराय या सरकारी नोकराने 'प्रेमचंद' हे नाव घेऊन लेखन चालू ठेवले. १९२१ साली नोकरी सोडली, पुढे छापखाना काढला, 'हंस' मासिक चालविले; पण पैशाची ओढाताण सुटली नाही. आपल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना तर शाळा जवळजवळ लाभलीच नाही. मुंबईत कष्ट करीत, कामगारवस्तीत राहून त्यांनी लिहिले आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. तेव्हा मुलाला पोटापाण्याचे शिक्षण जरूर द्या. मात्र त्याच्या हातातली वही काढून घेऊ नका.

माझे म्हणाल तर मी तीस वर्षे कचेरीत कारकुनी केली. फजरनंतर दीड तास लिहायचे, मग डबा घेऊन बाहेर पडायचे. एक गोष्ट चार-पाच वेळा लिहून काढतो. पहिल्या खेपेला जे सुचते ते बहुधा दुसऱ्या कुणाचे वाचलेले असते. माझ्या सुरुवातीच्या कथांतली माणसे मासिकातल्यासारखी बोलत. एका संपादकांनी कथा परत करताना एकच ओळ लिहिली होती : "तुमच्या घरी असे बोलतात का?" तेव्हापासून मी घरचे बोलणे कान देऊन ऐकू लागलो. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरच्या बोलीची लाज बाळगू नका. तुमचे भांडवल तेच आहे.

खरे तर माझी शाळा त्याआधीच सुरू झाली होती. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष बोटीवर नोकरीला. मी सहावी-सातवीत असताना बायकांची पत्रे लिहून देई. शेजारच्या चाचींनी एकदा सांगितले, "लिही, सगळे खुशाल आहे." घरात मूल तापाने फणफणले होते आणि हातातल्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. मी विचारले, "हे लिहू का?" त्या म्हणाल्या, "तिकडे समुद्रात ते काय करणार?" माणूस काय बोलतो यापेक्षा काय गिळतो हे पाहावे, हा धडा मला तिथे मिळाला.

पण पुढे मी एक चूक केली. मोठेपणी ती हकिकत मी कथेत घातली. नाव बदलले, बांगड्या तशाच ठेवल्या. अंक गावात आला आणि चाचांनी इतक्या वर्षांनी ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. चाचींनी निरोप धाडला, "विश्वासाने सांगितले, ते तू चव्हाट्यावर मांडलेस." मी गेलो, माफी मागितली. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिहिलेस काय, ते वाच तरी." मी पूर्ण कथा वाचून दाखविली. शेवटी मी त्या बाईला ढसाढसा रडविले होते. चाची म्हणाल्या, "मी रडले नव्हते. तेवढे खोड."

पुस्तक निघाले तेव्हा ते रडणे मी खोडले आणि बांगड्याही काढल्या. कथा त्यामुळे सुधारली असे जाणकार सांगतात. चाचींच्या घरचे माझे येणेजाणे मात्र पूर्वीसारखे झाले नाही. तेव्हापासून कुणाची हकिकत घेण्याआधी मी त्याला विचारतो. नाही म्हटले तर वही मिटतो.

मित्रांनो, घरी ज्यांना वाचता येत नाही त्यांना रोज पाव तास काहीतरी वाचून दाखवा, आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. पालकांनो, तो पाव तास मुलांना द्या. मुलींनाही द्या. आमच्या चाचींना अक्षरओळख असती, तर ते पत्र त्यांनी स्वतः लिहिले असते, कदाचित कथाही.